मान डोलणारी बॉल पायथन घरी आणावी का? विशेष काळजी लागणारे साप सांभाळणाऱ्यांनी कृपया लिहा

गारवेल
नमस्कार मंडळी. इथे साप पाळणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

टाकून दिलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांना घर शोधून देणाऱ्या एका गटाकडे स्पायडर मॉर्फची (मॉर्फ म्हणजे पैदाशीतून आलेला रंग-नक्षीचा प्रकार) बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, आहे. मादी, वयाने लहान. आधीच्या पालकांनी "साप बिघडलाय" म्हणून परत केली. तिचं डोकं सतत किंचित हलतं. भक्ष्य जवळ आलं की मान पिळवटते, कधी कधी ती पाठीवर उलटी पडते. खाते, पण नेम चुकतो. कॉर्न स्नेक मी बरीच वर्षं सांभाळते आहे, त्यामुळे तापमान, दमटपणा, कात, गोठवलेले उंदीर हे सगळं ओळखीचं आहे. जन्मजात व्यंग असलेला साप मात्र कधी सांभाळलेला नाही.

तिला वेदना होत असतील का? पेटीत काय बदलावं लागेल? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न असा की तिला आणणं ही माया ठरेल, की तिचे हाल लांबवणं? माझा जीव तिच्यात आधीच गुंतलाय. तेव्हा "नको" म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा.

रातवा
घ्या. माझ्याकडे अशीच एक मादी आहे, छान जगते आहे. पण घ्यायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या.

स्पायडर मॉर्फचं डोलणं जनुकातून येतं. २०२२ साली अशा सापांच्या कवटीचं बारकाईने स्कॅनिंग करून अभ्यास झाला. त्यात आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याशेजारची तोल सांभाळणारी पिशवी, दोन्हींची घडणच वेडीवाकडी निघाली. म्हणजे वर कुठलं, खाली कुठलं ही खबरच डोक्याला नीट मिळत नाही. औषध नाही, पण ते पसरतही नाही.

घोटाळा असा की अगदी अशीच लक्षणं आजारातही दिसतात. आयबीडी नावाचा विषाणूचा आजार आहे. त्यातही साप मान वर करून आकाशाकडे बघत राहतो, उलटा पडला तर सरळ होत नाही. अजगरांमध्ये तो झपाट्याने जीव घेतो, बोआ जातीच्या सापांमध्ये लक्षणं न दाखवता लपून राहू शकतो. शिवाय डोक्याला मार, पेटी अति तापणं, गोचिडांसाठी मारलेलं कीटकनाशक, यानेही साप असा वागतो. "स्पायडर आहे म्हणजे डोलणारच" असं गृहीत धरून कोणी तपासणीच केली नसेल, तर तुमच्या कॉर्नलाही धोका आहे. आधी रक्त आणि घशाचा स्वॅब, मग पुढचं.

चिंगी
धागा वाचतेय. साप उलटा पडतो म्हणजे त्याला चक्कर येते का?

रातवा
@चिंगी, त्याला काय वाटतं ते आपल्याला कळत नाही. दिसतं इतकंच की निवांत असताना डोलणं कमी असतं आणि भूक, भीती, धावपळ यांनी वाढतं. म्हणून अशा सापाची निम्मी काळजी म्हणजे त्याला शांत ठेवणं.

सरडेराव
मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका. हे डोलणं प्रत्येक स्पायडरमध्ये कमीजास्त असतंच. जनुक प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडे असलं तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतं. हे सगळं माहीत असून अंगावरच्या नक्षीसाठी वर्षानुवर्षं ही पैदास चालू आहे. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने (सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांची संस्था) २०१८ पासून आपल्या विक्री-मेळाव्यांत स्पायडर विकायला बंदी घातली, ती उगाच नाही. आपण प्रत्येक डोलणाऱ्या पिल्लाला "बिच्चारं" म्हणून घरी नेत राहिलो तर पैदास करणाऱ्याला थांबायचं कारण काय?

टिटवी
सरडेराव, पैदाशीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण ही मादी जन्मून बसली आहे, एकदा नाकारली गेली आहे, आणि तिला नेण्यासाठी पैदास करणाऱ्याला कोणी पैसे देत नाहीये. विकत घेणं वेगळं, सोडवलेल्याला घर देणं वेगळं. गारवेल, एवढा शब्द मात्र द्या की तिची जोडी लावणार नाही. कितीही कोणी मागे लागलं तरी.

सरडेराव
@टिटवी, दत्तक आणि खरेदी यांतला फरक मान्य. मग माझं म्हणणं इतकंच की तिचे फोटो टाकताना "कित्ती गोड डोलते" असं लिहू नका. ते बघून दुसरा कोणीतरी तसंच पिल्लू मागायला जातो.

टिटवी
+१. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

पाणवठा
मी पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी नेहमी तपासते. वेदनेच्या प्रश्नावर लिहिते.

जन्मजात डोलण्यात वेदना असते असं म्हणायला ठोस आधार नाही. पण "दुखत नाही म्हणजे त्रास नाही" असंही नाही. आपलं शरीर सावरता न येणं हा सापासाठी ताणच आहे. म्हणून मी चार गोष्टी बघते. साप स्वतःहून खातो का, आणि वजन टिकतं का. कात एका सलग तुकड्यात निघते का. पाठीवर ठेवलं तर थोडा वेळ घेऊन का होईना, आपणहून सरळ होतो का. आणि लपणजागेतून बाहेर येऊन पाणी, ऊब, गारवा शोधतो का. या चारांची उत्तरं "हो" असतील तर तो साप जगतो आहे, नुसता तग धरून नाही.

सरळ होण्याची चाचणी घरी रोज करत बसू नका. तपासताना आम्ही करतो तेवढी पुरे. तुम्ही वजन घ्या, शक्य तर दर आठवड्याला, एकाच काट्यावर, आणि लिहून ठेवा. डोलणं किती हे डोळ्यांनी मोजता येत नाही, त्यासाठी महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात छोटा व्हिडिओ काढून ठेवा. जन्मजात डोलणं साधारण होतं तसंच राहतं. ते अचानक वाढलं, तोंडातून फेस किंवा लाळ आली, श्वास तोंड उघडून घ्यायला लागली, तर ते मॉर्फच्या नावावर खपवू नका. तो नवा आजार समजा.

निवांत
बी१ जीवनसत्त्व द्या. मी एका गार्टर स्नेकला दिलं होतं, असाच झटके देत होता, ठणठणीत झाला.

पाणवठा
@निवांत, तुमच्या सापाला लागू पडलं ते बरोबरच आहे. गार्टर स्नेक मासे खातात आणि गोल्डफिशसारख्या काही माशांमध्ये थायमिनेज हे विकर असतं. ते बी१ मोडून टाकतं, कमतरता होते, झटके येतात. तिथे बी१ म्हणजे नेमका इलाज. पण अख्खे उंदीर खाणाऱ्या बॉल पायथनला ती कमतरता सहसा होत नाही, आणि कानाची घडण जीवनसत्त्वाने बदलत नाही.

निवांत
अच्छा! हे कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

आडवाट
माझ्याकडे पाठीचा कणा दोन ठिकाणी वाकलेली कॉर्न स्नेक आहे. प्रकार वेगळा, पण गारवेल यांच्या "काय बदलावं लागेल" याला माझं उत्तर लागू पडेल.

पहिला धडा म्हणजे एक्स-रे. कणा जन्मतःच वाकडा असू शकतो, अंडी उबवताना तापमान बिघडलं तरी होतो. पण मोठ्या वयात नवा बाक आला तर मणक्यांत जंतुसंसर्ग असू शकतो, आणि साल्मोनेला हे त्यातलं नेहमीचं नाव. आमचीचा बाक जन्माचा निघाला. बाक कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. तिचा एक बाक आतड्याच्या वाटेवर येतो, म्हणून मोठं भक्ष्य तिथे अडकायची भीती. सर्वसाधारण सापाला आपण त्याच्या सगळ्यात जाड भागाइतकं जाड भक्ष्य देतो. हिला मी त्याहून बारीक देते, एका मोठ्याऐवजी दोन छोटे, आणि ते सुद्धा थोड्या थोड्या दिवसांनी. विष्ठा झाल्याशिवाय पुढचं जेवण नाही. हा नियम तिच्या पेटीवर चिकटवला आहे, कारण घरात माझ्याशिवाय आणखी दोघं तिला खाऊ घालायला उत्सुक असतात.

उचलण्याचंही तंत्र आहे. कणा वाकलेल्या सापाला दोन्ही हातांवर, लांबीभर आधार देऊन घ्यायचं. हातावरून लोंबकळू द्यायचं नाही. चढायला आवडत असेल तर जाड, खरबरीत, जमिनीलगतची फांदी द्या. माझी कॉर्न बुटक्या फांदीवर जाऊन अशी ऐटीत बसते की बघत राहावं.

कवडसा
आमचा दोन्ही डोळे नसलेला कॉर्न. जन्मतःच. लोक विचारतात, खातो कसा? जीभ बाहेर काढून हवेतला गंध टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत नेतो आणि थेट भक्ष्यापाशी पोचतो. डोळस भावंडापेक्षा सावकाश, पण पोचतो.

चिंगी
पण सापांना उष्णता पण "दिसते" ना? मग आंधळ्या सापाला काय फरक पडतो?

कवडसा
@चिंगी, सगळ्यांना नाही. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. कॉर्न स्नेकला त्या नसतात. म्हणून आमच्याचा सगळा भार वासावर आणि स्पर्शावर. पेटीतल्या वस्तूंच्या जागा आम्ही बदलत नाही. हात घालण्याआधी कागदाच्या नळीने अंगाला हलकेच स्पर्श करतो. त्याला कळतं की हे जेवण नाही, माणूस आहे. या सवयीमुळे तो दचकायचा थांबला. आणि भक्ष्य हाताळलं की हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीत घालायचा नाही, नाहीतर आंधळ्या सापासाठी तुमचं बोट म्हणजे उंदीरच.

रातवा
@गारवेल, कवडसा यांच्या उत्तरावरून आठवलं, बॉलच्या त्या खाचांचा तुम्हाला खूप उपयोग होईल. नेम चुकण्यावर माझा उपाय सांगतो.

चिमट्यात उंदीर धरून नाचवायचा नाही. त्यानेच ती उत्तेजित होते, मान पिळवटते, झेप हुकते आणि तोंड काचेवर आपटतं. उंदीर फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्या, मग कोमट पाण्याने बाहेरून ऊबदार करा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं. संध्याकाळी, मंद उजेडात, लपणजागेच्या तोंडाशी तो नुसता ठेवून द्या आणि खोलीतून बाहेर पडा. ऊब तिला दिशा दाखवते, घाई करायला कोणी नसतं. सकाळपर्यंत नाही खाल्ला तर टाकून द्या. चिमटा वापरावाच लागला तर टोकाला रबर असलेला. जिवंत उंदीर तर कधीच नको, ज्या सापाला नीट पकडता येत नाही त्याला उंदीर चावून रक्तबंबाळ करतो.

आणि तिने उपास धरला तर घाबरू नका. निरोगी बॉल पायथनही महिनोन्महिने खात नाहीत. वजन घसरतंय का ते बघा.

सायसाखर
मला सापांची भीती वाटते, तरी हा धागा शेवटपर्यंत वाचला. एकच शंका. घरात लहान मूल असेल तर?

पाणवठा
@सायसाखर, छान विचारलंत. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला बाळगतात. पाच वर्षांखालची मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी त्यांना हाताळू नये. पेटी, पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये. गारवेल यांच्यासाठी याला जोडूनच, आजारी किंवा व्यंग असलेल्या सापाला जास्त वेळा हात लावावा लागतो, म्हणून हात धुण्याची शिस्तही जास्त.

झुळूक
नाव काय ठेवणार? मी सुचवते, "भिंगरी".

टिटवी
झुळूक, नाव गोड आहे, पण तिच्या व्यंगावरूनच का ठेवायचं? ती साठ वर्षं जगली तर साठ वर्षं तेच ऐकणार.

झुळूक
तेही खरं. मग "रेवा". पण साठ वर्षं? साप?

टिटवी
हो! २०२० साली सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने सात अंडी घातली. ती तिथे १९६१ पासून होती, म्हणजे तेव्हा वय साठीच्या आसपास. आणि त्याआधी किमान १५ वर्षं नराचा सहवास नव्हता.

झुळूक
आजीबाई जिंदाबाद! रेवाला तेवढंच आयुष्य लाभो.

सरडेराव
घरगुती बॉल पायथन वीस ते तीस वर्षं सहज जगतात, म्हणून हा मुद्दा गमतीचा नाही. गारवेल, उद्या तुम्ही आजारी पडलात, परगावी गेलात, तर डोलणाऱ्या सापाला खाऊ घालणारं दुसरं माणूस आहे का? साध्या सापाला शेजारी पाणी घालतो. हिला तसं चालणार नाही. आधीच्या पालकांनी "बिघडलाय" म्हणून परत केलीच. दुसऱ्यांदा परत जाणं तिच्या वाट्याला येऊ नये. आणखी एक, तुम्ही राहता तिथे ही जात पाळायला परवानगी लागते का, नोंदणी लागते का, ते आधी बघा. कागद तुमच्या नावावर झाल्याशिवाय आणू नका.

पाणवठा
सरडेराव यांच्या पोटतिडकीत एक गोष्ट जोडते, लिहायला जड जाते पण लिहायला हवी. तीव्र डोलणाऱ्या काही सापांना पुढे खाता येत नाही, दिवसभर उलटे पडून राहतात. वर मी लिहिलेल्या चार प्रश्नांची उत्तरं एकेक करून "नाही" होऊ लागली, तर नळीने भरवत महिने काढायचे, की त्याला शांतपणे जाऊ द्यायचं, हे ठरवावं लागतं. दयामरण पशुवैद्याकडून, भूल देऊन, इंजेक्शननेच. सापाला फ्रीजरमध्ये ठेवणं हा हळुवार मृत्यू आहे असा समज अजून फिरतो. तसं कृपा करून कोणी करू नका, तो क्रूरपणा आहे. गारवेल, कुठे थांबायचं हे तिला आणण्याआधीच, डोकं शांत असताना, कागदावर लिहून ठेवा. हाल लांबवण्याची जी भीती तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलीत, तिच्यावर मला माहीत असलेला हाच उपाय आहे.

आडवाट
डॉक्टर, हे वाचून गलबलून आलं. पण पटलं. मीही आज लिहून ठेवते.

गारवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

तपासणी झाली. आयबीडी निगेटिव्ह, श्वसनाचा त्रास देणाऱ्या नायडोव्हायरसचीही चाचणी निगेटिव्ह. एक्स-रेमध्ये कणा सरळ. पाठीवर ठेवल्यावर जरा धडपडली, पण आपणहून सरळ झाली. वजन वयाच्या मानाने कमी आहे, तेवढं भरून काढायचं. माझ्या बहिणीने तिची पर्यायी पालक व्हायचं कबूल केलंय आणि खाऊ घालायचं शिकायला ती येणार आहे. कुठे थांबायचं तेही दोघींनी मिळून लिहिलं. जोडी लावणार नाही, डोलण्याचे व्हिडिओ टाकणार नाही. ती येते आहे. नाव रेवाच, झुळूकचा मान.

आता पेटीबद्दल. बुटकी, लांबट पेटी घेतली आहे. उंच फांद्या, टोकदार दगड काही नाही. तळाला नारळाच्या काथ्याचा जाड थर. अंगाला घट्ट बसतील अशा दोन लपणजागा, एक ऊबदार बाजूला, एक गार बाजूला. ऊबदार टोक ३२ अंश, गार टोक २६, दमटपणा ६० ते ७० टक्के. पाण्याच्या भांड्याबद्दल मात्र गोंधळ आहे. कॉर्न भांड्यात बुडून बसते, हिला तसं द्यावं का?

रातवा
नाही, बसायचं भांडं नको. उलटी पडली आणि डोकं पाण्याखाली गेलं तर तिला वर कुठे हे कळायला वेळ लागतो. रुंद, जड, न कलंडणारं भांडं घ्या. पाण्याची खोली तिच्या अंगाच्या जाडीपेक्षा कमी. कात टाकायच्या वेळी ओलावा हवा म्हणून ओल्या स्फॅग्नम मॉसची वेगळी लपणजागा द्या, आंघोळीची गरजच पडत नाही.

कवडसा
आणि कात निघाल्यावर डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्या कातेसोबत आल्या का ते उजेडात धरून बघा. राहिल्या असतील तर चिमट्याने ओढू नका, डोळा जायचा. दमटपणा वाढवा, पुढच्या कातेला बहुधा निघतात. नाहीच निघाल्या तर डॉक्टर.

आडवाट
पहिल्या आठवड्यात हातात घेऊ नका हं, कितीही मोह झाला तरी. एक-दोनदा नीट खाऊ दे, मग.

सरडेराव
गारवेल, सगळी तयारी वाचली. माझा विरोध मागे. फक्त एक बघा, उष्णतेच्या पट्टीला थर्मोस्टॅट आहे ना? आणि त्याचा सेन्सर हवेत लटकतोय, की पट्टीला चिकटलेला?

गारवेल
थर्मोस्टॅट आहे, पण सेन्सर पेटीत मधोमध लटकतोय.

सरडेराव
मग तो आजच हलवा. पट्टी आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये, पट्टीला टेकवून पक्का चिकटवा. मधोमधची हवा २६ दाखवत असताना तळ भाजण्याइतका तापलेला असू शकतो, आणि तोल न सावरणारा साप चटका बसला तरी झटकन बाजूला होत नाही. चिकटपट्टी पेटीच्या आत मात्र लावू नका, तिच्या खवल्यांना चिकटली तर कातडी सोलून निघते. ती येण्याआधी एक अख्खा दिवस पेटी रिकामी चालवा आणि तळाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने चार ठिकाणी मोजा.

गारवेल
लगेच करते. चारही आकडे उद्या इथेच टाकते, तपासून सांगा.